आमची वाटचाल: वाळपई ते बांबोळी

वाळपई भागातल्या डायलिसिसच्या रुग्णांना आम्ही आमच्या गाडीतून बांबोळीला नेतो-आणतो. सत्तरी तालुक्यातल्या माणसाला डॉक्टरांनी ‘गोमेकॉत जा’ (म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती गाडीची. सरकारी इस्पितळात डायलिसिसला पैसे पडत नाहीत, 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना हा राज्याचा आरोग्य विमाही आहे. पण आठवड्यातून तीनदा बांबोळी गाठायची, तर काजूच्या बागायतीत रोजंदारी करणाऱ्या घराने भाडं आणायचं कुठून? 108 ची रुग्णवाहिका धावून येते ती जीव धोक्यात असताना. ठरलेल्या तारखेला नेण्यासाठी ती नाही, आणि नसावीही.

जाताना कदंबची सरकारी बस मिळते. हाल होतात ते परतताना. चार तास मशीनवर काढल्यावर रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात. त्या अवस्थेत पणजीला बस बदलायची आणि वाळपईहून पुढे वाड्यापर्यंत चालायचं. मग माणूस डायलिसिसची एक पाळी चुकवतो, मग दुसरी. अंगात पाणी साचतं, दम लागतो आणि शेवटी 108 बोलवावीच लागते.

आमचा मूळ धंदा पर्यटकांचा आणि लग्नाच्या वऱ्हाडांचा. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला, आमची भाडी वाढली, आणि बांबोळीच्या फेरीचं डिझेल त्यातून सुटू लागलं. रुग्णाकडून झेपेल तेवढंच घेतो, काहींकडून काहीच नाही. दाखले मागत नाही. कुणाच्या घरी काय परिस्थिती आहे, हे वाड्यावरच्या अंगणवाडीताईंना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एकाच वाटेवरच्या रुग्णांच्या पाळ्या जुळल्यामुळे. सिस्टरांना विनंती केली, त्यांनी जमेल तशा जुळवून दिल्या. एका गाडीत तिघं-चौघं आले की खर्च विभागला जातो. गाडी तिथेच थांबते. मधल्या वेळात एखादं भाडं मारता येईल, पण सुई काढल्यावर रक्त थांबायला कधी किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि थकलेल्या माणसाला बाहेर आल्या आल्या गाडी दिसलीच पाहिजे.

नव्या चालकाला आम्ही आधी हाताचं शिकवतो. फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेला हात धरून कुणाला उतरवायचं नाही, त्या हातात पिशवी द्यायची नाही. पट्टीतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं आणि गाडी जवळच्या आरोग्य केंद्राकडे वळवायची. गाडीची पायरी उंच, म्हणून सुताराकडून फणसाच्या लाकडाचा पाट करून घेतला. ‘बाबा, आधी पाट घाल,’ असं आजी आता हक्काने सांगतात.

आता केरी-मोर्ले भागातल्या, कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या रुग्णांसाठी फेरी सुरू करायची आहे. ते उपचार आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. एवढं एकट्या आमच्याने होणार नाही. त्या बाजूने सकाळी पणजीकडे रिकाम्या गाड्या नेणाऱ्या टॅक्सीवाल्या भावांनी आमच्याशी बोलावं. डिझेलचा हिशोब मिळून बसवू.