पद्मिनीची नोंदवही: उलटा काटा

मागच्या नोंदीत कार्ब्युरेटरवर थांबलो होतो. चोक आता सुरळीत परततो, तेवढं सांगून तो विषय मिटवतो. या महिन्याची सगळी करमणूक ऑइल प्रेशरने केली.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: गाडी बाबांची प्रीमिअर पद्मिनी, १९८४ची, १०८९ सीसी. नंबर प्लेट अजून जीडीची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची. कारखान्यातून आलेल्या गाडीला ऑइल प्रेशरचा फक्त लाल दिवा होता. इंजिनाच्या ब्लॉकला एक साधा स्विच. दाब पडला की आतला संपर्क जुळतो आणि दिवा पेटतो. पुढे कधीतरी एका इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली ० ते ८० पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) मीटर लटकवलं आणि स्विचच्या जागी सेन्सर घातला. दिवा तेव्हापासून मुका.

जूनमध्ये डिचोलीहून अस्नोड्यामार्गे म्हापशाला येताना काटा थयथय नाचायला लागला. ४०, ०, ६०, परत ०. इंजिनाचा आवाज मात्र गोड. सेन्सरच्या पोटात एक पडदा असतो, तो तेलाच्या दाबाने फुगतो आणि तारेच्या गुंडाळीवर एक पट्टी सरकवतो. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून ती तार झिजते, मग असा नाच सुरू होतो. शिवाय बुडाशी तेलाचा ओलावा होताच. बदलायचं ठरलं.

पहिली चूक माझीच. जुना सेन्सर खिशात घालून दुकानात गेलो, काउंटरवरच्याने दोन्ही शेजारी धरून बघितले आणि म्हणाला, 'सगळ्या गाड्यांना चालतो हा.' घरी आणून बसवायला गेलो तर तीन आटे गेला आणि अडला. थोडा तिरका वाटला, तरी टेफ्लॉन गुंडाळून पान्याने घट्ट केला. (हे वाक्य लिहिताना लाज वाटते आहे.) किल्ली फिरवली, इंजिन अजून बंद, आणि काटा थेट ८० वर!

बाबा शेजारीच बसले होते. 'बरं झालं,' म्हणाले, 'आता इंजिन चालू करायची गरजच नाही.'

चालू केल्यावर काटा खाली आला. मग वीस मिनिटं फिरवलं, तर इंजिन तापेल तसा दाब वाढत गेलेला दिसला. तापलेलं तेल पातळ होतं, त्याने दाब कमीच व्हायला हवा. म्हणजे सगळं उलटं चाललं होतं.

कारण असं. बाजारात दोन घराणी जास्त भेटतात. युरोपीय पद्धतीच्या सेन्सरचा विरोध दाब नसताना १० ओहम असतो आणि पूर्ण दाबाला १८४पर्यंत चढतो. अमेरिकन पद्धतीत दाब नसताना २४० आणि पूर्ण दाबाला ३३. मीटर एका घराण्याचं, सेन्सर दुसऱ्याचा, की काटा असा उलटा धावतो. आणि घराणं जुळलं तरी पल्ला जुळावा लागतो: ८० पीएसआयच्या मीटरला १५०चा सेन्सर लावला तर दाब नेहमी कमीच दिसणार.

माझ्या मीटरवर ना नाव ना खूण. म्हणून पणजीला १८ जून रस्त्यावरून थोडे रेझिस्टर आणले. सेन्सरची वायर सोडवली आणि तिच्यात व बॉडीत एकेक रेझिस्टर धरला. ३३ला काटा ८० वर. १००ला चाळिशीच्या आसपास. २२० आणि २२ एकापुढे एक जोडून २४२ केले, तर काटा शून्यावर निजला. मीटर अमेरिकन पद्धतीचं, शंकाच नको. चहाच्या किमतीत निकाल लागला. आता सेन्सर घ्यायला जाताना मल्टिमीटर बरोबर नेतो: एक टोक टर्मिनलला, दुसरं सेन्सरच्या अंगाला, आणि आकडा दुकानातच कळतो. टर्मिनल दोन असतील तर जी लिहिलेलं मीटरचं, डब्ल्यूके लिहिलेलं दिव्याचं.

२४० ते ३३चा, ८० पीएसआयचा सेन्सर मुंबईहून मागवला. तोही तीन आटे जाऊन अडला. या वेळी मात्र हात आवरला आणि सगळं सामान पिळर्णच्या एका लेथवाल्याकडे नेलं. त्याने पीच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पीच, मोजायची दातेरी पट्टी) लावून बघितलं आणि पहिलं वाक्य काढलं, 'जोर करूं नाका.' ब्लॉकचा आटा १४ मिलिमीटर, दीडच्या पीचचा, तो शाबूत होता. घोळ मधल्या पितळी अडॅप्टरमध्ये. त्याच्या आत ब्रिटिश पाइपचा १/८ इंची आटा, इंचाला २८ वेढे. नवा सेन्सर एनपीटी, म्हणजे अमेरिकन पाइपच्या निमुळत्या आट्याचा, इंचाला २७. दोन्ही जाडीला १० मिलिमीटरच्या जवळपास, आणि तिसरा १० बाय १ मेट्रिकही तेवढाच दिसतो. अर्ध्या इंचाहून कमी लांबीच्या आट्यावर २७ आणि २८ डोळ्याला कळणं अशक्य. जुना सेन्सर मोजला तर तोही २७चा निघाला. म्हणजे त्या इलेक्ट्रिशियननेही माझ्यासारखाच रेटला होता, आणि तेलाचा ओलावा तिथूनच होता.

लेथवाल्याने पितळेच्या षटकोनी सळईतून नवा अडॅप्टर कातून दिला. बाहेरून ब्लॉकचा आटा, आत २७चा निमुळता टॅप, खाली तांब्याचा वॉशर. निमुळता आटा स्वतःच आवळत जातो, त्यामुळे टेफ्लॉन एकच वेढा आणि पुढचे दोन आटे मोकळे. ते महत्त्वाचं, कारण अर्थिंग आट्यातूनच मिळतं. बसवल्यावर ब्लॉक ते सेन्सरचं अंग मल्टिमीटरने तपासलं, ०.३ ओहम. घट्ट करताना अडॅप्टरला दुसरा पाना धरायचा, पितळ पटकन पिळवटतं.

खात्रीसाठी मित्राचं नळीवालं यांत्रिक मीटर आधी त्याच भोकात लावून आकडे लिहून ठेवले होते. थंड इंजिन ५५, तापल्यावर आयडलला १८, तिसाव्या मिनिटाला साठच्या वेगाने ४२. नव्या सेन्सरवर अनुक्रमे ५४, १६, ४०. एवढ्यावर मी खूश. तेल २०डब्ल्यू-५०.

आता लाल दिवा परत आणायचा आहे. पितळी टी (तीन तोंडांचा जोड) आणून त्यावर मूळचा स्विच आणि सेन्सर दोन्ही बसवायचे म्हटलं, तर ते वजन इंजिनाच्या थरथरीत अडॅप्टरवर लोंबणार. म्हणून लवचीक नळी काढून टी बॉडीच्या पत्र्यावर टांगावी असा विचार आहे, सेन्सरला अर्थिंगची वेगळी वायर घालून. चवथीला साखळीला आत्याकडे याच गाडीने जायचं असं बाबांनी जाहीर करून टाकलंय, त्यामुळे नळी येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या दिवशीच बघतो.