ब्राउन शुगर सुटली, हाडांचं दुखणं मागे राहिलं

ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, बंद केली की पहिले तीन-चार दिवस अंग मोडून निघतं. आम्ही त्याला टर्की म्हणतो. आठ-दहा दिवसांत ती बरीचशी उतरते. माझीही उतरली. झोप लागायला लागली, हेरॉइनच्या जागी देतात त्या बुप्रेनॉर्फिनच्या, जिभेखाली ठेवायच्या अफूवर्गीय गोळीवर मी स्थिर झालो, पण दुखणं काही जाईना. कंबर, बरगड्या, नडग्या. उकिडवं बसलं की उठताना भिंत धरावी लागायची. स्टेशनचा पूल चढताना मांड्यांतला जीवच जायचा आणि कठड्याला टेकून थांबावं लागायचं. वय तेव्हा ३४.

याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला: याला परत ओढायचंय, म्हणून सोंग करतोय. मला आईचा राग आला नाही, ती कितीदा तरी फसली होती. पण दुखणं खरं होतं आणि ते पटवून द्यायला माझी पत उरली नव्हती. हे फार वाईट असतं.

हाडांच्या एका दवाखान्यात गेलो. व्यसनाचं मी आधीच सांगितलं होतं, तरी चिठ्ठीवर ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आली. ताईने नाव वाचलं आणि चिठ्ठी तिथेच घडी करून पर्समध्ये टाकली. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं औषध आहे, २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. नशेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या हातात अशी पट्टी देताना निदान एकदा विचार व्हायला हवा. मला आजही त्याची चीड येते.

निदान झालं ते बुप्रेनॉर्फिन देणाऱ्या ओपीडीत. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा." उठता आलं नाही. मग त्यांनी अंगठ्याने नडगी दाबली आणि माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. त्यांनी लगेच तपासण्या लिहिल्या: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांचा आजार असला की वाढणारं एन्झाइम), पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन). व्हिटॅमिन डी २०च्या खाली गेलं की कमतरता धरतात, माझं होतं ६. फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच वाढलेलं. एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या मानेजवळ आतल्या बाजूला बारीक रेघ दिसली. ऑस्टिओमलेशिया, म्हणजे हाड तयार होतं पण त्यात कॅल्शियम-फॉस्फरस नीट भरत नाही, ते मऊ राहतं. रिपोर्ट हातात घेऊन ताई रडली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, कारण आता माझ्या बाजूने बोलणारा कागद होता.

असं का झालं, हे मॅडमनी आईलाही बसवून समजावलं. दिवसा कुठेतरी सावलीत पडून राहायचं, बाहेर पडायचं ते अंधारात. जेवण म्हणजे चहा आणि पाव. वर सिगारेट. शिवाय अफूवर्गीय पदार्थ मेंदूकडून येणारे हुकूमच दाबतात, त्यामुळे पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटतं आणि हाडं विरळ होतात. माझं तेही कमी निघालं. दारूचं व्यसन असलेल्यांची हाडंही ठिसूळ होतात, आणि एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिर हे औषध घेणाऱ्यांनी तर हाडांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं, असं त्या म्हणाल्या.

उपचार साधा होता. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी दुधातून, आठवड्याला एक, ८ आठवडे. त्यानंतर महिन्याला एक. सोबत दोन वेळा जेवणानंतर कॅल्शियम. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. ती रेघ भरून येईपर्यंत जड उचलायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. पुड्या ताईच्या ताब्यात, कारण आठवड्याची पुडी कुणी रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. लवकर बरं व्हायचं म्हणून असं करणारी माणसं आहेत.

उन्हाबद्दल माझा समज चुकीचा निघाला. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण व्हिटॅमिन डीसाठी आपली सावली आपल्याहून आखूड पडते त्या वेळचं ऊन लागतं, आणि काचेच्या आडून आलेलं ऊन कामाचं नाही. मी दुपारी बाराच्या सुमारास बाह्या वर करून गच्चीत थोडा वेळ बसायला लागलो. आईने नाचणीची भाकरी सुरू केली (१०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं), आणि आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली.

आधी मांड्यांत जोर आला. पूल न थांबता चढलो तेव्हा पुड्यांचा पहिला कोर्स संपायचा होता. बरगड्यांनी जास्त वेळ घेतला. तीन महिन्यांनी व्हिटॅमिन डी ३४ आलं, अल्कलाइन फॉस्फटेज मात्र हळूहळूच खाली येतंय. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅनही झालाय. पन्नाशीच्या आतल्या पुरुषात त्याचा झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या लोकांशी केलेली तुलना, बघतात, उणे २ किंवा त्याखाली गेला तर तो वयाच्या मानाने कमी धरतात. माझा उणे २.३ आहे, पुढच्या वर्षी पुन्हा करायचाय. बुप्रेनॉर्फिन चालूच आहे, हाडांच्या भीतीने ते बंद करू नका असं मॅडमनी बजावलंय.

व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये नवीन मुलगा टर्की संपल्यावरही अंग दुखतं म्हणाला, की मी त्याला जिना चढताना काय होतं ते विचारतो. उत्तर ऐकून आतापर्यंत अशा दोघांना ओपीडीत घेऊन गेलो. त्यातल्या एकाचं व्हिटॅमिन डी ८ निघालं.