टीएफटूएचमध्ये डीएनए नक्की उघडतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून थोडं सविस्तर. प्रश्न नेहमीचाच: मानवी टीएफटूएचमध्ये (जनुक वाचायला सुरुवात करून देणाऱ्या प्रथिनांच्या संकुलात) एक्सपीबी आणि एक्सपीडी अशी दोन हेलिकेज (डीएनएचे धागे सोडवणारी एन्झाइमं) आहेत, तर ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) सुरू होताना डीएनएचे धागे दोघं मिळून सोडवतात का?

नाही. ते काम एकट्या एक्सपीबीचं. तेही धाग्यांमध्ये पाचर घालून नव्हे. एक्सपीबी पॉलिमरेजच्या (आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमच्या) पुढच्या बाजूचा डीएनए पकडतं आणि एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो पॉलिमरेजच्या खाचेत ढकलतं. मागची बाजू टीबीपी आणि टीएफटूबी या प्रथिनांनी धरलेली असते, त्यामुळे मध्ये पीळ बसतो आणि धागे सुटतात.

एक्सपीडीमधलं ४८ क्रमांकाचं अमिनो आम्ल लायसिन बदलून तिथे आर्जिनिन घातलं, तर त्याची एन्झाइम म्हणून ताकद जाते. तरी ट्रान्सक्रिप्शन चालतं. अडते ती अतिनील किरणांनी बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती. म्हणून एक्सपीडी ट्रान्सक्रिप्शनला नकोच, असं मात्र समजू नका. टीएफटूएचच्या दहा उपघटकांपैकी सीडीके७, सायक्लिन एच आणि मॅट१ या तिघांचा गट मॅट१च्या आधाराने एक्सपीडीवर टेकतो. पॉलिमरेजच्या शेपटीत सात अमिनो आम्लांची ५२ आवर्तनं असतात. त्यांतल्या पाचव्या सेरिनवर फॉस्फेट बसवणारं सीडीके७ याच गटातलं. एक्सपीडीला दुसऱ्या बाजूने पी४४ हा उपघटक धरून असतो.

सगळ्यात लहान उपघटक पी८, अवघ्या ७१ अमिनो आम्लांचं. ते नसलं की पेशीतलं टीएफटूएचच कमी होतं, आणि ट्रायकोथायोडिस्ट्रोफी या आनुवंशिक आजारात दिसतात तसे ठिसूळ केस येतात. एक्सपीडीतल्या एका बदलामुळे तर काही रुग्णांचे केस ताप आला की गळतात, कारण वाढलेल्या तापमानात संकुल टिकत नाही. एवढीशी उष्णता रेणूचा तोल घालवते, हे मला विलक्षण वाटतं.

परीक्षानळीत हे तपासणार असाल तर टेम्प्लेट (ज्यावरून आरएनए बनतो तो डीएनए) सरळ रेषेतलं घ्या. ऋण सुपरकॉइल असलेल्या प्लाझ्मिडवर (उलटा पीळ दिलेल्या गोल डीएनएवर) काही प्रमोटर (जनुकाचं वाचन सुरू होण्याच्या जागा) पिळाच्या जोरावरच उघडतात, आणि टीएफटूएचची गरज नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आधीच बुडबुडा (धागे सुटे असलेला भाग) ठेवलेल्या टेम्प्लेटचंही तेच. पेशींवर ट्रिप्टोलाइड हे एक्सपीबी रोखणारं रसायन वापरलंत तर वेळेवर लक्ष ठेवा: ते एक्सपीबीच्या ३४२व्या सिस्टिनला कायमचं चिकटतं, पण काही तासांनी पॉलिमरेजचा सर्वांत मोठा उपघटकही नष्ट होऊ लागतो. मग मोजलेली घट एक्सपीबीमुळे की पॉलिमरेज संपल्यामुळे, हे वेगळं करता येत नाही.