पिस्तुलाच्या बॅरलला कोणतं काडतूस मानवतं, हे कसं तपासायचं

.२२ एलआर (लाँग रायफल, हे छोटं काडतूस) वापरणाऱ्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, पिस्तुलासाठी काडतुसं घेताना बहुतेक जण पेटीवरचं नाव आणि किंमत बघतात. बघायला हवा तो लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनवलेल्या काडतुसांच्या खेपेचा क्रमांक. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही बारीक फरक असतात, आणि एका बॅरलला मानवलेला लॉट त्याच मॉडेलच्या दुसऱ्या पिस्तुलात पसरट ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) देऊ शकतो. त्यामुळे दुसऱ्याच्या पिस्तुलावरचा निकाल आपल्या कामाचा नाही.

ही गोळी मऊ शिशाची, साधारण २.६ ग्रॅमची, बाहेरून वंगण लावलेली. चेंबर (बॅरलच्या मागची काडतुसाची जागा) सैल असेल तर ती रायफलिंगमध्ये, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये, किंचित तिरकी शिरते, एका बाजूनं जास्त घासली जाते आणि तिचा तोल बिघडतो. बॅरलमध्ये असेपर्यंत ती दाबून धरलेली असते. तोंडातून सुटताक्षणी मात्र बाजूला सरकते. उलट त्रासही होतो: चेंबरच्या पुढच्या टोकाला जळलेलं वंगण आणि शिसं यांचं कडं साचलं, की काडतूस पूर्ण बसत नाही. मग काडतुसावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच जातो आणि मिसफायर होतो, म्हणजे काडतूस उडतच नाही. अशा वेळी लॉटला दोष देण्याआधी चेंबर साफ करा. बॅरल सुटं होत असेल तर ते पिस्तुलापासून वेगळं काढून, तोंड खाली धरून काडतूस आत सोडावं. रिम (काडतुसाच्या बुडाची कड) टेकेपर्यंत ते बोटाच्या हलक्या दाबानं जायला हवं. बॅरल सुटं होत नसेल, तर भरलेल्या पिस्तुलावर हा प्रयोग अजिबात नको.

प्रत्यक्ष चाचणी रेंजवर, २५ मीटरवर. पिस्तूल फ्रेमला (मूळ सांगाड्याला) पकडणाऱ्या रेस्टमध्ये, म्हणजे स्थिर आधारात, बसवा; बॅरलला आधार दिलात तर गोळ्यांची जागाच बदलते. लॉट बदलला की आधी १० ते १५ राउंड मोजणीबाहेर झाडा, कारण जुन्या लॉटचं वंगण बॅरलमध्ये असतं आणि पहिल्या गोळ्या त्यावरून जातात. ही पायरी गाळली की चांगला लॉटही वाईट दिसतो. मग १०-१० गोळ्यांचे निदान ४ ग्रुप घ्या, तेही लॉट आलटून पालटून, म्हणजे वारा आणि तापलेलं बॅरल यांचा परिणाम एकाच लॉटच्या माथी बसत नाही. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा.

५ गोळ्यांच्या एका ग्रुपवर निकाल लावणं मला मुळीच पटत नाही. एकाच लॉटचे असे ग्रुप सहज २० आणि ३० मिलिमीटर येतात, आणि तो निव्वळ योगायोग असतो. १० गोळ्यांचा ग्रुप सरासरीनं पाव पट मोठा दिसेल. दिसू द्या, तो जास्त खरा आहे.

वेगातल्या फरकाची काळजी मात्र इथे फारशी नको. ३०० मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी २५ मीटरवर सुमारे ३४ मिलिमीटर खाली येते, २९० ची सुमारे ३६.५. लक्ष्यावरची दहा गुणांची रिंग ५० मिलिमीटरची असताना हा अडीच मिलिमीटरचा फरक किरकोळ आहे. म्हणूनच २५ मीटरवर क्रोनोग्राफपेक्षा (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रापेक्षा) गोळी-बॅरलच्या जुळणीवर वेळ घालवावा. अर्थात, स्लाइड (गोळी झाडल्यावर मागे-पुढे सरकणारा भाग) अडखळत असेल तर वेग तपासायलाच हवा.

निवडीतून किती फायदा होतो? नेमबाजाचा स्वतःचा ग्रुप ८० मिलिमीटरचा आणि काडतुसाचा ४० चा धरला, तर दोन्ही मिळून सुमारे ८९ होतो, कारण दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यावं लागतं. काडतूस २० वर आणलं की ८२. हात जितका स्थिर, तितका हा फरक जास्त जाणवतो.

लॉट सापडला, की लगेच त्याच नंबरच्या पेट्या हंगामभर पुरतील इतक्या घेऊन ठेवा. कारखाना तोच लॉट पुन्हा बनवत नाही. पुढे ग्रुप अचानक पसरले, तर आधी साइटचे आणि बॅरलचे स्क्रू तपासा, मग चेंबर, आणि काडतुसाकडे सगळ्यात शेवटी वळा.