कवळी ठेवायची कुठे?

लालबागमध्ये दवाखाना असला की गिरणीत आयुष्य काढलेले पेशंट येतातच. हे आजोबा त्यांतलेच. वय पंचाहत्तरीच्या पुढे, वरखाली पूर्ण कवळी. तक्रार एवढीच की आमटी झोंबते आणि ओठांचे कोपरे फाटतात. मेडिकलवाल्याने दिलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. "तोंड आलंय म्हणतात, पण आत तर काही दिसत नाही," सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या.

दिसणार कसं? कवळी तोंडातच होती. काढा म्हटल्यावर आजोबांनी आधी सुनेकडे पाहिलं. सूनबाईंना मी जरा बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा कुठे आजोबांचा हात तोंडाकडे गेला. वरची कवळी चप्प करून सुटली आणि मागोमाग वास आला. टाळू लालबुंद, पण लाली बरोबर कवळीच्या कडेपर्यंतच, पेन्सिलने हद्द आखल्यासारखी. त्यापलीकडे निरोगी गुलाबी. कवळीची आतली बाजू खरवडली तर पिवळट, बुळबुळीत थर निघाला.

"टाळू दुखतो का?"

"छे!"

या आजारात हीच तर पंचाईत आहे. बहुतेकांना तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. कँडिडा नावाची बुरशी बऱ्याच जणांच्या तोंडात एरवीही असते. लाळ आणि जीभ तिला आवरून धरतात. वरची कवळी टाळूला इतकी घट्ट चिकटते की तिच्याखाली लाळ पोचत नाही, आणि झोपेत तर लाळ मुळातच कमी होते. कवळीचं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, दिसायला गुळगुळीत, पण त्यात बारीक छिद्रं असतात. तिथे बुरशी ठाण मांडते. त्यात आजोबांना मधुमेह, आणि गोळ्या आठवतील तशा.

"रात्री काढून ठेवत नाही?"

"कुठे ठेवू?"

दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. आधीची कवळी ते वाटीत, पाण्यात ठेवायचे, मोरीच्या कट्ट्यावर. पहाटे नळाला पाणी येतं, त्या घाईत कुणीतरी वाटी पालथी केली. दात गटारात. ओट्यावर ठेवावी तर सुनेला किळस येते, आणि तिचं तरी काय चुकलं? तिथेच भाकऱ्या थापायच्या असतात. फळीवर देव. आजोबा स्वतः झोपतात गॅलरीत, तिथे उंदीर. "आता तुम्हीच सांगा डॉक्टर, तोंडापेक्षा सेफ जागा कुठली?"

कवळीच्या माहितीपत्रकांत पलंगाशेजारी टेबल आणि त्यावर पाण्याचा ग्लास असं चित्र असतं. ते काढणारा चाळीत राहिलेला नसावा.

सूनबाईंना परत आत बोलावलं. बोलता बोलता कळलं, मागच्या थंडीत आजोबा न्यूमोनियाने अ‍ॅडमिट होते. तो कवळीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. पण झोपेत तोंडातली लाळ थोडी थोडी फुप्फुसात उतरू शकते, आणि तिच्याबरोबर कवळीवरचे जंतूही. जपानमध्ये पंच्याऐंशी ओलांडलेल्या ५२४ जणांवर तीन वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका ती काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला. एवढं सांगितल्यावर किळस मागे पडली आणि सूनबाईंचं डोकं चालायला लागलं. "फिरकीच्या झाकणाची बरणी चालेल? यांच्या शर्टाच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवते. तिथे कुणी हात लावत नाही."

न चालायला काय झालं! बरणी तेवढी रोज धुवायची आणि पाणी बदलायचं. कवळी कोरडी ठेवायची नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही, वाकते. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्यांत घाण साचते. भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं, हातातून निसटली तर फुटणार नाही. टाळूला आणि कवळीच्या आतून लावायला क्लोट्रिमॅझोलचं माउथ पेंट दिलं. साखरेसाठी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी.

ओठांच्या कोपऱ्यांचं कारण वेगळंच होतं. कवळीचे दात झिजून सपाट झाले होते, त्यामुळे तोंड मिटलं की जबडा जास्तच वर यायचा, कोपऱ्यांना घडी पडायची आणि तिथे लाळ साचायची. त्यावर कुठली गोळी चालणार? नवी कवळीच हवी. पण सुजलेल्या टाळूचं माप घेऊन उपयोग नसतो, म्हणून थांबलो. दोन आठवड्यांनी आले तेव्हा लाली बरीच ओसरली होती. "सकाळी तोंड कडू नसतं आता," आजोबा स्वतःहून म्हणाले. आणखी काही दिवसांनी माप घेतलं.

कवळीत नावाची चिठ्ठी घालता येते, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या थराखाली. हॉस्पिटलात कवळ्यांची अदलाबदल झाली तर शोधायला बरं पडतं. आजोबांना विचारलं, घालू का?

"घाला," ते म्हणाले, "आणि खोली नंबर पण टाका."