कार्ल्सबॅडच्या गुहेत नातवंडांना नेताना

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात जून-जुलैमध्ये पारा ३५ अंशांच्या वर असतो आणि कार्ल्सबॅडच्या गुहेत बारा महिने १३ अंश. शॉर्ट्स-टीशर्टवर आत गेलेली मुलं पहिला तासभर तक्रार करत नाहीत, कारण उतरताना अंग तापलेलं असतं. खाली पोचून रेंगाळायला लागली की दमट थंडी अंगात शिरते. आरव्हीतून (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून) निघतानाच प्रत्येकाचा स्वेटर किंवा विंडचीटर हातात घ्यावा, पायात पकड असलेले बूट घालावेत. वाट बहुतेक ठिकाणी ओलसर असते, त्यामुळे चपला-सँडल नकोत.

खाली जायचे दोन रस्ते आहेत. एक, गुहेच्या मूळ तोंडातून चालत: २ किलोमीटरची नागमोडी उतरण, आणि तेवढ्यात साधारण २३० मीटर, म्हणजे ७९ मजले खाली. दुसरा, लिफ्ट, जी तेवढंच अंतर मिनिटभरात उतरते. दोन्ही वाटा ‘बिग रूम’ या मोठ्या दालनापाशी मिळतात. या दालनाची वाट आणखी २ किलोमीटरची, बरीचशी सपाट. मधला जोडरस्ता घेतला तर ती जवळपास निम्मी होते.

आमचं स्पष्ट मत असं की आठ-दहा वर्षांपुढच्या नातवंडांना मूळ तोंडातूनच न्यावं. मागचा उजेड वळणावळणाने कमी होत जातो आणि आपण किती खोल आलो हे त्यांना पायांनी कळतं; लिफ्टने ते कळत नाही. पण उतारावर सगळा भार गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर येतो. गुडघे किंवा हृदय साथ देत नसेल, तर आजोबांनी मोठ्यांबरोबर चालत आणि आजीने धाकट्याला घेऊन लिफ्टने, असं वाटून घ्यावं. खाली मोबाईल चालत नाही. म्हणून भेटायची जागा आणि वेळ वरच ठरवा. लिफ्टजवळचा विश्रांतीचा भाग सोयीचा, तिथे स्वच्छतागृहही आहे. लिफ्ट चालू आहे ना, हे उतरण्याआधी काउंटरवर विचाराच. २०१५ च्या अखेरीस ती बिघडली होती आणि कित्येक महिने खाली गेलेल्यांना तोच चढ चढून वर यावं लागत होतं.

बाबागाडी आत नेता येत नाही. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बाळ नेता येतं, मात्र जिथे छत खाली येतं तिथे आपण वाकून सुटतो आणि बाळाचं डोकं आपटतं.

बिग रूम सुमारे १२०० मीटर लांब आहे आणि सर्वांत उंच जागी छत ७७ मीटरवर. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या मुलांना वाटतं की हेही कुणी तरी कोरलं असणार. इथे कोरणारं होतं आम्ल, तेही बहुतेक चुनखडीच्या गुहांपेक्षा वेगळं. आंध्रातल्या बोर्रासारख्या गुहा पावसाच्या पाण्यातल्या सौम्य कार्बोनिक आम्लाने झिजल्या. इथे जमिनीखालच्या तेल-वायूच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वर आला, भूजलातल्या प्राणवायूशी मिळून त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं, आणि सुमारे ४० ते ६० लाख वर्षांपूर्वी त्याने आतून खडक खाल्ला. मागे जिप्सम उरलं. त्याचे पांढरे ढिगारे वाटेच्या कडेला मुलांना दाखवा. येताना हायवेवर तेल उपसणारे पंप दिसलेले असतात, त्यामुळे ही साखळी त्यांना लगेच जोडता येते.

नातवंडांना आधीच नीट समजावण्याजोगी गोष्ट एकच: आत गेलेलं इथे आपोआप बाहेर पडत नाही. धुवायला पाऊस नाही, उडवायला वारा नाही. कपड्यांचे तंतू आणि केससुद्धा साचत जातात, ते वेचायला स्वयंसेवकांना यावं लागतं. २०२४ मध्ये कुणाचं तरी चीटोज या कुरकुरीत खाऊचं पाकीट बिग रूममध्ये सांडलं. दमट हवेत ते मऊ झालं, बुरशी आली, किडे जमले आणि रेंजरना, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांना, ते साफ करत बसावं लागलं. म्हणून चिवडा-लाडवाचा डबा आरव्हीतच उघडा, पोरांची पोटं भरा आणि आत फक्त साधं पाणी न्या. च्युइंगम, सरबत, काहीच नको. कुंडात नाणं टाकू नये, धातू गंजून पाणी बिघडतं. लवणस्तंभाला बोट लावू नये, कारण त्वचेचं तेल लागलं की तिथे खनिज नीट धरत नाही आणि डागही पडतो. लहानांचा हात आपोआप पुढे जातो. वाटेच्या कडेला आपण चालावं आणि त्यांना आतल्या बाजूने ठेवावं.

गुहांमागून गुहा पाहत देशभर हिंडणाऱ्या आरव्हीवाल्यांसाठी बुटांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. वटवाघळांचा ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ हा बुरशीजन्य रोग २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळला आणि त्याने लाखो वटवाघळं मारली. माणसाला त्याचा त्रास नाही, पण आपल्या बुटांच्या मातीतून ती बुरशी पुढच्या गुहेत जाते. केंटकीतली मॅमथ केव्ह पाहून आला असाल तर तेच बूट-कपडे इथे वापरू नका आणि रेंजरने विचारल्यावर खरं सांगा. कपडे धुऊन चालवायचे तर पाणी किमान ५५ अंश हवं आणि कपडे त्यात वीस मिनिटं बुडालेले हवेत. आरव्ही पार्कच्या लाँड्रीतलं ‘हॉट’ तितकं तापेलच असं नाही. गुहेसाठी वेगळा जोड ठेवणं सोपं पडतं.

ही गुहा राष्ट्रीय उद्यानात आहे आणि उद्यानात आरव्ही मुक्कामाची सोय नाही. सर्वांत जवळचा तळ व्हाइट्स सिटीत, तिथून व्हिजिटर सेंटरपर्यंत ११ किलोमीटरचा घाटरस्ता. हा तेलपट्टा असल्यामुळे कामगारांनी आरव्ही पार्क भरलेले असतात. जागा आधी धरावी. टेक्सासमधल्या पेकोसहून येणाऱ्या २८५ नंबरच्या हायवेवर टँकरची रीघ असते, तो दिवसाउजेडी पार करावा. प्रवेशाची वेळ ऐनवेळी दारात मिळेल या भरवशावर राहू नका. recreation.gov या सरकारी संकेतस्थळावर आरक्षण करून तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण तिथे सिग्नल भरवशाचा नाही. टेक्सासच्या पूर्वेकडून येताना घड्याळ एक तास मागे जातं, हेही हिशेबात धरा. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश शुल्क नाही. ६२ वर्षांवरच्यांचा प्रवेशाचा सीनियर पास अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर पुण्या-नागपूरहून आलेल्या आजी-आजोबांना नाही.

मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत संध्याकाळी वटवाघळं गुहेच्या तोंडातून बाहेर पडतात, तेव्हा थांबावंच. त्यासाठी तिकीट नाही. फोन, कॅमेरे, मुलांची स्मार्ट घड्याळंही बंद ठेवावी लागतात. परतताना अंधारात घाट उतरायचा असतो आणि हरणं रस्त्यावर येतात, म्हणून मोठी आरव्ही तळावर ठेवून मागे ओढून आणलेल्या छोट्या गाडीने जावं.