फुनाफुती, दोन वेळची अंघोळ आणि एक टाकी

तुवालूला, म्हणजे समुद्र चढत चाललेल्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटदेशाला, त्याच्या राजधानीत फुनाफुतीला निघालो तेव्हा जो तो म्हणाला, "बघून घे, बुडायच्या आत." खोटं कशाला बोलू, मीही त्याच हौसेने गेलो होतो.

पहिले दोन दिवस उकाड्याने खाल्ले. संध्याकाळी विमानतळाच्या धावपट्टीवर पोरं व्हॉलीबॉल खेळायची, तेवढंच आठवतं.

तिसऱ्या दिवशी समुद्रात भर घालून केलेली नवी जमीन बघितली. खाजणातली वाळू उपसून सात हेक्टरांहून जास्त जागा उभी केलीय. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीने किनारे वाचवायच्या या प्रकल्पासाठी ३.६ कोटी अमेरिकी डॉलर दिले. पांढरीफटक वाळू, सावली शून्य. पण जुन्या बेटापेक्षा ती उंच आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि इथे उंची हीच श्रीमंती. कौतुक वाटलं, नाही असं नाही.

त्याच रात्री वीज गेली. बेटावरची बरीचशी वीज डिझेलची. म्हटलं, घरावर सौर पॅनेलं आहेत, पंखा फिरेल. फिरला नाही. घरमालकीण टॉर्च घेऊन मला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली. देणगीदाराची पाटी चकचकीत, खालचा इन्व्हर्टर खाऱ्या हवेने गंजून गेलेला. सुटा भाग बाहेरच्या देशातून यायचा, आणि प्रकल्पाची मुदत तर केव्हाच संपलेली.

"उद्घाटनाला खूप पाहुणे आले होते," ती हसत म्हणाली. "दुरुस्तीचं उद्घाटन नसतं ना!"

मला राग आला. पाटीसाठी पैसे निघतात, स्क्रूसाठी नाही. मग तोंडून नको तो प्रश्न निघालाच: तुवालूशी झालेल्या करारानुसार ऑस्ट्रेलिया दरवर्षी इथल्या २८० जणांपर्यंत कायमचं राहायला घेते, तुम्ही अर्ज करणार का?

उत्तर न देता ती पावसाच्या पाण्याच्या टाकीकडे वळली आणि बोटाच्या पेराने वरून खाली ठोकत गेली. ठण, ठण, ठण... अगदी बुडाशी आल्यावर आवाज बद्द झाला. इथे नदी नाही, ओढा नाही. मुख्य भिस्त छतावरून वाहून येणाऱ्या पावसावर.

"तुम्ही अंघोळ दोनदा करता ना?" तिने विचारलं.

तीनदा. दुपारची तिला माहीत नव्हती.